टिंब खाणारं मॉडेल : जुन्या मराठी पानांसाठी कृत्रिम जोड्या बनवल्याची हकिगत

'त्यानें कांहींच केलें नाहीं.' या चार शब्दांत पाच अनुस्वार आहेत. जुन्या, डागाळलेल्या पानांचे स्कॅन साफ करायला आम्ही बनवलेल्या पहिल्या मॉडेलमधून ते पान बाहेर आलं तेव्हा कागद पांढराशुभ्र होता, अक्षरं काळीभोर होती आणि वाक्य होतं : 'त्याने काहीच केले नाही.'

पाचही टिंबं गायब. मॉडेलनं डाग पुसता पुसता शुद्धलेखनही सुधारून दिलं होतं. उच्चार न होणारे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी काढले. आमच्या संगणकानं ते १९२०-३०च्या दशकातल्या मासिकातूनही काढले. मी आणि माझा मित्र स्क्रीनकडे बघून खूश होतो. चूक आमच्या लक्षातच आली नाही. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी पान हातात घेतलं आणि अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, "अहो, हा अंक आमचा नाही."

"का हो?"

"यात टिंबं कुठायत?"

पुढचे सगळे महिने त्या एका प्रश्नात गेले. ही त्याची हकिगत.

मूळ काम साधं होतं. एका तालुक्याच्या गावातलं जुनं वाचनालय, तिथे मासिकांचे बांधीव खंड. कोणीतरी काही वर्षांपूर्वी ते ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून जेपीईजीत ठेवले होते. पुन्हा स्कॅन करायची सोय नव्हती. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यातलं आम्ल त्यालाच खात आलेलं, पान उलटलं की कोपरा हातात येतो. म्हणजे आहेत त्या फायलींवरच काम करायचं : पिवळेपणा, तपकिरी डाग, मागच्या पानाची दिसणारी छपाई, शिवणीजवळची सावली, कसर लागून पडलेली भोकं, वाचनालयाचा जांभळा शिक्का. हे काढून वाचता येईल असं पान द्यायचं आणि पुढेमागे ओसीआर करायचं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून मजकूर म्हणून वाचून घ्यायची.

हल्ली असलं काम न्यूरल नेटवर्क करतं आणि ते शिकतं जोड्यांवरून. एक मळकं चित्र, एक स्वच्छ चित्र, दोन्ही एकाच गोष्टीची, पिक्सेलला पिक्सेल जुळणारी. अशा हजारो जोड्या दाखवल्या की मळक्यावरून स्वच्छ कसं काढायचं याचा अंदाज त्याला बांधता येतो. आता त्या काळी छापखान्यातून निघालेलं कोरं पान आज आणायचं कुठून? ते कोणाकडेच नाही. म्हणून उलट दिशेनं जायचं : स्वच्छ पान आपण तयार करायचं आणि ते आपणच मळवायचं.

ही युक्ती काही आमची नाही. चित्रं मोठी करण्याच्या संशोधनात वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. २०१७ साली आलेल्या डीआयव्ही२के या संचात एक हजार उत्तम फोटो आहेत. त्यांच्या लहान, धूसर प्रती बऱ्याचदा बायक्युबिक नावाच्या एका ठरावीक गणितानं केल्या जातात. त्यावर शिकलेली मॉडेलं बायक्युबिकनं लहान केलेली चित्रं झकास मोठी करतात आणि मोबाइलवरचा खरा फोटो दिला की गडबडतात. फोटोतला नॉइज, म्हणजे दाणेदार खरखर, काढणाऱ्यांचंही तेच झालं. २०१७मध्येच जर्मनीतल्या डार्मश्टाट विद्यापीठातल्या संशोधकांनी खऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोंवर परीक्षा घेतली, तेव्हा कृत्रिम गाऊसियन (गणिती सूत्रानं तयार केलेल्या) नॉइजवर शिकलेल्या नव्या नेटवर्कांपैकी बऱ्याच जणांना २००७च्या बीएम३डी या जुन्या, काहीही न शिकणाऱ्या पद्धतीनं मागे टाकलं. मुलाला घरी एकाच प्रकारची गणितं घालून परीक्षेला पाठवावं, तसं.

२०२१च्या रिअल-ईएसआरगॅन या फोटो मोठे आणि स्पष्ट करणाऱ्या मॉडेलनं यावर एक व्यवहारी तोडगा काढला. खऱ्या जगात फोटो एकदाच खराब होत नाही. तो काढताना हलतो, साठवताना जेपीईजी होतो, कोणी लहान करून पाठवतं, पुढचा परत पाठवतो, परत जेपीईजी. आपल्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा लग्नाचा फोटो आठवा. म्हणून त्यांनी धूसरपणा, आकार बदलणं, नॉइज आणि जेपीईजी ही साखळी लागोपाठ दोनदा चालवली, दर वेळी वेगळ्या मापांनी. प्रशिक्षणाच्या जोड्या पूर्णपणे कृत्रिम आणि तरी ते खऱ्या फोटोंवर चालतं.

आम्ही आधी तेच आयतं मॉडेल लावून पाहिलं. फोटोंची पानं बरी आली. मजकुरावर मात्र त्यानं कमाल केली. 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ मध्येच संपवली, जोडाक्षरांना वेलबुट्टी काढली. दोष त्याचा नाही. मजकुराची देवनागरी पानं वाचायला ते शिकलेलंच नाही. आपल्या जोड्या आपणच कराव्या लागणार, हे तिथे कळलं.

स्वच्छ बाजू

आमचा समज असा की अवघड काम मळवण्याचं आहे. स्वच्छ पान काय, फाँट घ्यायचा, मजकूर ओतायचा, झालं. पहिल्याच दिवशी पायथनच्या पिलो लायब्ररीनं 'किती' हा शब्द असा काढला की पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसली. जोडाक्षरांचे पाय मोडून हलंत दिसायला लागले. देवनागरीची जुळणी करायला पिलोला राक्म नावाचं इंजिन लागतं. ते नसेल तर पिलो बिनतक्रार अक्षरं एकापुढे एक मांडून मोकळी होते. धोका हाच की कुठेही एरर येत नाही. दहा हजार पानं अशी बनली असती आणि मॉडेल मोडकी मराठी मन लावून शिकलं असतं.

मग 'ल' आणि 'श'. कित्येक फाँटांमध्ये हिंदी वळणाचा 'ल' मूळ म्हणून असतो आणि मराठी वळणाचा 'ल' आत दडलेला असतो. भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच तो बाहेर येतो. आम्ही ते सांगायला विसरलो होतो. मासिकात पानभर गोल पाकळ्यांचा मराठी 'ल', आमच्या स्वच्छ पानांवर हिंदी. मॉडेलला तेव्हा 'ल' हा डागाळलेला वाटत होता आणि ते त्याच्या पाकळ्या सरळ करायला बघत होतं. ऱ्हस्वातला 'ऱ्ह', दऱ्यांमधला 'ऱ्य' यांचंही तेच : डोळ्याच्या पापणीएवढी बारीक रेघ, फाँटमध्ये नीट नसेल तर जोड्यांतही नसणार.

शेवटी आयआयटी मुंबईची शोभिका, एक टाइपचा मुक्ता, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा असे मिळतील ते फाँट एकत्र केले. त्यातला एकही खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या अक्षरठशांच्या, छपाईसारखा दिसत नाही. निर्णयसागर छापखान्याच्या वळणाचा खिळा आणि आजचा स्क्रीनवरचा फाँट यांत फरक आहेच. म्हणून आठवडाभर बसून खऱ्या स्कॅनमधली सर्वात चांगली अक्षरं कापून, हातानं साफ करून त्यांचाही एक संच केला. कंटाळवाणं काम, पण मला वाटतं सगळ्या प्रकल्पात त्याच आठवड्याचा परतावा सर्वात जास्त होता.

मळवणं

इथे एक शिस्त पाळली : पानाचं आयुष्य ज्या क्रमानं गेलं त्याच क्रमानं ते खराब करायचं. आधी छपाई, मग कागद, मग काळ, मग बांधणी, मग स्कॅनर, मग जेपीईजी. क्रम उलटा केला तर भलतंच दिसतं. जेपीईजीच्या चौकटींवर वरून तपकिरी डाग टाकला, तर तो डाग काल पडल्यासारखा गुळगुळीत दिसतो.

छपाईसाठी १९९३ सालचं कानुंगो, हारालिक आणि फिलिप्स यांचं जुनं मॉडेल वापरलं. कल्पना छोटी आहे : अक्षराच्या कडेजवळचा पिक्सेल काळ्याचा पांढरा किंवा पांढऱ्याचा काळा होण्याची शक्यता जास्त; कडेपासून लांब जावं तशी ती भराभर कमी होते. शाई कडेला फुटते, अक्षराच्या पोटात सहसा नाही. त्यात आम्ही खिळ्याच्या दाबाची भर घातली. खिळा कागदावर दाबला जातो तेव्हा शाई मधून कडेकडे सरकते, म्हणून जुन्या छपाईत अक्षराची कड गडद आणि पोट किंचित फिकं असतं. भिंगातून बघितलंत तर लगेच दिसेल. कागदाच्या डागांसाठी ऑग्राफी नावाची तयार लायब्ररी आहे, तिचे काही तुकडे घेतले.

पाठीमागच्या छपाईनं खरा धडा शिकवला. आम्ही दुसऱ्या एखाद्या पानाचा मजकूर आरशासारखा उलटा करून, धूसर आणि फिका करून पुढच्या पानात मिसळत होतो. मिसळायचं तर गुणाकारानं, कारण शाई उजेड शोषते. बेरजेनं केलं तर कागद राखाडी होतो. इथवर ठीक. पण आमचा उलटा मजकूर वाटेल तिथे पडायचा, बहुतेक वेळा दोन ओळींच्या मधे. खऱ्या पानावर तो तिथे नसतोच. एका निवृत्त जुळाऱ्यांना, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या काकांना, ते दाखवलं तर ते हसले. "असा छापला असता तर मालकांनी हाकललं असतं आम्हाला. मागची ओळ पुढच्या ओळीच्या पाठीवरच यायला हवी. त्याला रजिस्टर म्हणतात."

म्हणजे मागची शिरोरेषा पुढच्या शिरोरेषेच्या मागे, आणि मागचे अनुस्वार अगदी तिथेच, जिथे पुढचे अनुस्वार असतात. फिके, राखाडी, पसरट, पण त्याच पट्ट्यात. आमच्या जोड्यांमध्ये हा प्रसंग मॉडेलवर कधी आलाच नव्हता. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवा.

एक चूक सांगतो, कारण ती जवळपास प्रत्येकजण करतो. शिवणीजवळ पान वळतं, म्हणून आम्ही मळक्या पानाला तसा बाक दिला आणि स्वच्छ पान सरळच ठेवलं. वाटलं, मॉडेल पान सरळही करायला शिकेल. शिकलं नाही. अक्षर नेमकं कुठे असायला हवं हे त्याला कळेना, मग त्यानं सगळ्या शक्यतांची सरासरी काढली. सरासरी म्हणजे धुकं. अर्ध्या पिक्सेलच्या सरकण्यानंही हे होतं. चित्र निम्मं करताना एकाआड एक पिक्सेल उचलले तर चित्र नकळत अर्धा पिक्सेल सरकतं. रिअल-ईएसआरगॅनच्या कर्त्यांनीही याच कारणासाठी 'निअरेस्ट' (सर्वात जवळचा पिक्सेल तसाच उचलण्याची) पद्धत आपल्या साखळीतून वगळली आहे. आता अर्धा पिक्सेल म्हणजे काय मोठंसं? अनुस्वाराच्या टिंबाचा व्यास साधारण ०.३ मिलिमीटर धरा. ३०० डीपीआयवर तो साडेतीन पिक्सेल होतो. त्यातला अर्धा पिक्सेल गेला म्हणजे टिंबाच्या कडेला राखाडीच उरली. बाक द्यायचा तर दोन्ही बाजूंना द्यायचा किंवा कुणालाच नाही. पान सरळ करणं हे वेगळं काम, ते वेगळ्या पायरीवर.

जेपीईजीचीही अशीच एक बारीक गंमत. छोटे तुकडे कापून प्रत्येकाचं जेपीईजी केलं तर आठ बाय आठच्या चौकटी दर तुकड्यात त्याच जागी सुरू होतात आणि मॉडेल ती जागा पाठ करतं. आधी अख्खं पान जेपीईजी करायचं, मग कुठूनही कापायचं.

टिंबांचा तपास

बाईंनी पान परत दिल्यावर आम्ही आधी आकडे पाहिले. आकडे उत्तम होते आणि तिथेच मला घाम फुटला. हिशेब असा. २५६ बाय २५६चा एक तुकडा म्हणजे ६५,५३६ पिक्सेल. टिंबाचे पिक्सेल फार तर दहा. बाकी सगळं तंतोतंत जुळलं आणि ते दहा पिक्सेल पूर्ण काळ्याचे पूर्ण पांढरे झाले, तर पीएसएनआर, म्हणजे दोन चित्रं किती जुळतात याचं माप, येतो सुमारे ३८ डेसिबल; जितका मोठा तितका चांगला. या क्षेत्रात ३८ म्हणजे पेढे वाटायचा आकडा. टिंब गिळलं तरी पेढे. आमच्या मोजपट्टीला अनुस्वार दिसतच नव्हता.

मग पानावर पेन्सिल घेऊन बसलो. 'त्यानें', 'कांहींच', 'केलें', 'नाहीं' यांची टिंबं गेली होती. त्याच पानावर 'आनंद' मात्र शाबूत होता. 'संसार', 'अंगण' शाबूत. आणि मृत्युलेखात एका आदरणीय गृहस्थांबद्दल 'त्यांचे' होतं, तिथे 'त्याचे' झालं होतं. एका टिंबाबरोबर माणसाचा मानही गेला. अशा दोन-चार जागा आणखी सापडल्या. इतर काही ठिकाणी 'त्यांचे' टिकलंही होतं.

यातून दोन गुन्हेगार निघाले.

पहिला मजकूर. स्वच्छ पानं बनवायला आम्ही आजचा औपचारिक मराठी मजकूर घेतला होता, बातम्या आणि सरकारी पत्रकं यांच्या वळणाचा. त्यात 'केले', 'नाही', 'काही'. शब्दाच्या शेवटी एकाराच्या मात्रेवर टिंब आणि पुढे मोकळी जागा, हे दृश्य त्यात जवळपास नसतंच. (मी इथे लिहितोय तसं बोलीतलं 'केलं' घेतलं असतं तरी टिंब निदान दिसलं असतं, जरी मात्रा गेली असती.) मॉडेलला अर्थ कळत नाही, पण आजूबाजूची दोन-तीन अक्षरं त्याला दिसतात. 'ने'नंतर मोकळी जागा असेल तर वर टिंब नसतं, हे त्यानं हजारो वेळा पाहिलं. मग टिंब दिसलं की तो डागच असणार. 'आनंद'मधल्या टिंबावर त्याला शंका नव्हती, कारण ते तिथे रोज भेटायचं.

दुसरा गुन्हेगार आमचे ठिपके. कागदावरचे काळे कण, माश्यांच्या विष्ठेचे डाग दाखवायला आम्ही पानभर गोल काळे ठिपके उधळले होते, दोन ते चार पिक्सेलचे. साडेतीन पिक्सेलचा सुटा गोल काळा ठिपका. म्हणजे अनुस्वाराची हुबेहूब व्याख्या आम्ही 'घाण' या सदराखाली लिहून दिली होती. 'त्यांचे' आणि 'त्याचे' ही दोन्ही रूपं मजकुरात असतात, तिथे आजूबाजूची अक्षरं काही सांगू शकत नव्हती. निकाल ठिपक्याच्या रूपावर होता आणि रूप बदनाम झालेलं होतं. 'दुःख'मधला विसर्ग वाचला, बहुधा दोन टिंबं एकाखाली एक असल्यामुळे.

मित्राचं म्हणणं, "अरे, ठिपके काढूनच टाकू ना साखळीतून." काढून पाहिले. टिंबं परत आली आणि सगळी घाणही परत आली.

मग ठिपके बनवणंच सोडून दिलं. प्रत्येक अंकात कोरे समास असतात, काही कोरी पानं असतात. तिथे जे काळं आहे ते नक्की घाण, कारण तिथे छापलेलं काही नाहीच. हे समास कापून त्यांचा साठा केला आणि आमच्या कृत्रिम स्वच्छ पानांवर ते गुणाकारानं चढवले. खरी घाण, खोटं पान. खऱ्या कणांना आकार नसतो हे तेव्हा दिसलं : ते लांबट, दातेरी, तपकिरीकडे झुकणारे, क्वचितच गोल. आपण मनानं काढलेला डाग फार नीटनेटका असतो. एक पथ्य पाळलं : एका अंकाचे समास प्रशिक्षणात आले की त्या अंकाची पानं परीक्षेत घ्यायची नाहीत. नाहीतर मॉडेल डाग ओळखत नाही, तो विशिष्ट डाग ओळखतं.

मजकुरासाठी मराठी विकिस्रोताकडे गेलो; जुन्या लेखनात टाइप केलेली पुस्तकं तिथे मिळतात. त्यात 'नांव' आणि 'नाव' वेगळे आहेत, एक माणसाचं आणि एक नदीतली. त्यावर आम्ही एक उपद्व्याप केला ज्यावर मित्राशी माझं कडाक्याचं भांडण झालं : एक तृतीयांश ओळींमध्ये अनुस्वार वाटेल त्या अक्षरावर टाकले आणि वाटेल तिथून काढले. 'पांणी', 'झांडं', 'अदाज', असला मजकूर. मित्र म्हणाला, तू त्याला अशुद्ध शिकवतोयस. मी म्हटलं, मला त्याला शुद्ध-अशुद्ध शिकवायचंच नाही. टिंब आहे की नाही हे त्यानं टिंबाकडे बघून ठरवावं, शब्दाकडे बघून नाही. याची किंमत आहे. तुटलेलं अक्षर शब्दावरून ओळखून पूर्ण करण्याची त्याची ताकद कमी झाली. मला तो सौदा मान्य होता आणि आजही आहे.

कृत्रिम जोड्यांचा खरा फायदा आम्हाला इथे कळला. पान आपणच बनवलं असल्यामुळे प्रत्येक टिंब कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं. तीच ओळ दोनदा काढायची, एकदा अनुस्वारांसह, एकदा ते काढून टाकून. अनुस्वाराला स्वतःची रुंदी नसते, म्हणून बाकीची अक्षरं जागची हलत नाहीत. एका चित्रातून दुसरं वजा केलं की उरतात फक्त टिंबं. (काही फाँटांमध्ये 'ीं' हा मुळी एकच तयार आकार असतो, तिथे वेलांटीही थोडी बदलते, ते फाँट तपासून बाजूला ठेवले.) या नकाशावरून दोन गोष्टी केल्या. मॉडेलच्या चुकीबद्दलची शिक्षा मोजताना टिंबाच्या पिक्सेलना वीसपट वजन दिलं. आणि पीएसएनआरच्या शेजारी आपली मोजपट्टी ठेवली : किती टिंबं होती, किती उरली, आणि नसलेली किती उगवली.

तो शेवटचा आकडा महत्त्वाचा. वजन वाढवलं की मॉडेल घाबरट होतं आणि मागच्या पानाची फिकी टिंबंही जपायला लागतं. तिथे काकांचं रजिस्टर कामाला आलं. पाठीमागचा मजकूर ओळीच्या पाठीवर टाकायला लागल्यावर मॉडेलसमोर प्रत्येक ओळीत दोन्ही तऱ्हेची टिंबं येऊ लागली, एक काळं आणि कडेला गडद, दुसरं राखाडी आणि पसरट. हळूहळू त्याला फरक करता येऊ लागला.

रेखीव अक्षरं हवीत म्हणून गॅन, म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं चित्र रचणारं नेटवर्क, लावायचा मोह झाला होता. लावला नाही. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ष' आणि 'प' यांत एखाद्या रेघेचाच फरक. अर्धवट अक्षर पाहून गॅन त्यातलं एक निवडतं आणि ठाम काळ्या शाईत काढतं. २०१३ साली जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं की झेरॉक्सची काही यंत्रं कागद स्कॅन करताना आकडेच बदलत होती. ६चा ८ व्हायचा, घराच्या नकाशातल्या खोल्यांची क्षेत्रफळं बदलायची. कारण होतं जेबीआयजी२ ही आकुंचनाची पद्धत. दिसायला सारखे तुकडे ती एकाच्या जागी दुसरा वापरते. निकाल धूसर नव्हता, स्पष्ट आणि चुकीचा होता. आमचं मॉडेल जिथे कळत नाही तिथे धुकं दाखवतं. वाचणाऱ्याला तिथे थांबायचं कळतं.

परीक्षा अर्थातच खऱ्या पानांवर. कृत्रिम पानांवर पास होणं म्हणजे स्वतःच पेपर काढून स्वतःच सोडवणं. बाईंनी काही पानं भिंगातून बघून टिंबं मोजून दिली, अक्षरशः पेन्सिलनं खुणा करत. एका अंकाची दुसऱ्या वाचनालयातली बरी प्रत मिळाली. तिची शाई, दाब सगळं वेगळं, म्हणून पिक्सेल जुळवून उपयोग नव्हता, पण वाचून पडताळायला ती सोन्यासारखी. मध्यंतरी लेझर प्रिंटरवर पानं छापून, चहात भिजवून, वाळवून स्कॅन करण्याचाही उद्योग केला. घरात आठवडाभर चहाचा वास आणि हाती काही नाही : टोनर कागदावर बसतो, खिळ्यासारखा रुतत नाही.

आता मॉडेल 'त्यानें कांहींच केलें नाहीं' हे वाक्य पाचही टिंबांसह देतं. सगळं सुटलेलं नाही. जांभळ्या शिक्क्याखालचा मजकूर अजून अर्धाच येतो. कसरीच्या भोकात गेलेलं अक्षर आम्ही भरत नाही, तिथे भोक तसंच राखाडी ठेवतो. आणि थोडी टिंबं अशी आहेत की ती घाण की अनुस्वार हे मॉडेलला ठरवता येत नाही. ती पुसायची नाहीत असं ठरवून टाकलंय. पानाशेजारी त्यांची यादी निघते आणि बाईंकडे जाते.

परवा त्या यादीतलं एक टिंब घेऊन वाचनालयात गेलो होतो. एका कवितेत 'नाव'वर होतं किंवा नव्हतं. नदीची कविता, त्यामुळे दोन्ही चाललं असतं. स्कॅन दहापट मोठा करून मी आणि मित्र तासभर वाद घालून आलो होतो. बाईंनी खंड काढला, पान अलगद उलटं केलं, खोलीतला दिवा घालवला आणि मोबाइलचा टॉर्च कागदाला समांतर, अगदी आडवा धरला. मागच्या बाजूनं प्रत्येक अक्षराचा बारीकसा उठाव सावलीसह दिसायला लागला. खिळा जिथे जिथे रुतला होता तिथे कागद मागून फुगलेला. 'ना'ची शिरोरेषा, तिचा काना, 'व'. वर काही नाही, कागद सपाट.

"डाग आहे," बाई म्हणाल्या. "होडीच आहे ती. पुसा."